मोकळ्या मातीला पाणी

पाऊस ज्या मुलखाला लांबूनच नमस्कार करून पुढे जातो, अशा मुलखातल्या एका लहानशा गावात एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत होते. गाव त्यांना आप्पा म्हणे. देवळामागच्या पडीक जागेत त्यांनी आयुष्यभर खपून थोडी झाडी उभी केली होती, आणि तिच्याच सावलीत आता त्यांचे दिवस जात. अडीअडचणीला लोक त्यांच्याकडे जात, पण जाताना थोडे कचरत. कारण विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आप्पा कधी देत नसत. काहीतरी भलतेच करीत आणि गप्प बसत. 'आप्पाला वाट विचारली तर तो तुमची वहाण शिवून देतो,' असे गावात गमतीने म्हणत. वहाण शिवून घेतलेली माणसे मात्र पुढे कधीतरी, निम्म्या वाटेत, स्वतःशीच हसत.

याच गावात निवृत्ती नावाचा एक गवंडी आपली आई हौसाबाई हिच्यासह राहत असे. कामासाठी तो घाट उतरून कोकणात गेला होता. तिथे एका धर्मशाळेच्या भिंती चढवता चढवता त्याचे लग्न जमले, आणि वैशाखात तो कुंदाला घेऊन घरी आला.

कुंदाच्या वडिलांना हे स्थळ मनापासून पसंत नव्हते. जावई चांगला होता, पण गाव कोरडे होते. त्यांची ही मुलगी लहानपणापासून आईच्या मागे परसात वाढलेली. तिने कोयीवर माती लोटली तरी आंबा उगवतो, असे ते कौतुकाने सांगत. निरोपाच्या वेळी त्यांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, "बाय, तोंडानं तू 'सुखात आहे' असंच म्हणशील. मुली म्हणतातच. भात झोडून झालं की मी येईन आणि तुझं परसू बघेन. ते मला खरं काय ते सांगेल."

जावयालाही त्यांनी बाजूला घेऊन सांगून ठेवले होते. ओढ्याकाठी त्यांचा एक तुकडा होता, बारमाही पाण्याचा. मुलीचे हात तिकडे रिकामेच राहिले तर दोघांनी इकडे यावे, तो तुकडा कसावा, गवंडीकामही काही कमी नाही. निवृत्ती सरळ स्वभावाचा माणूस. कुंदाच्या मनात असेल तसे करू, असे तो म्हणाला, आणि घरी आल्यावर आईपासूनही त्याने काही लपवले नाही. हौसाबाईंनी सगळे ऐकून घेतले, 'बरं' म्हणाल्या आणि चुलीतले लाकूड मागे ओढले. त्यानंतर तो विषय त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. कुंदाला वाटले, यांना त्याचे काहीच नसावे.

कुंदाला मात्र होते. या घरात ती थोड्याच दिवसांत रुळली होती. नवरा मायाळू होता. सासू फारसे बोलत नसे, पण भाकरीचा मधला मऊ भाग मोडून नेमका हिच्या ताटात ठेवत असे. हे घर सोडून जावे असे तिला वाटत नव्हते. पण वडील येतील, मागच्या दारी उभे राहतील आणि तिथे नुसती धूळ दिसेल, तर त्यांना काय सांगावे? एकट्या पडणाऱ्या सासूला काय सांगावे? तेव्हा परसू फुलवायचेच, असे तिने मनाशी पक्के केले.

आईने पदराला बांधून दिलेले बी होतेच. पडवळ, भेंडी, लाल माठ, वाली, आणि कोकणात जिला तवसे म्हणतात ती मोठी काकडी. ओल्या फडक्यात गुंडाळलेले अळूचे कंदही होते. मागच्या दारची जागा तिने साफ केली, दगड वेचले आणि आईने जसे केले असते अगदी तसेच वाफे केले. माती ओढून ओढून उंच केली, कडा चोपून घेतल्या, दोन वाफ्यांमध्ये पाणी वाहून जायला नीट चर ठेवले. वेलांसाठी तर गुडघाभर उंचीचे वाटोळे ढीग केले.

शेजारची तानूबाई मधल्या दगडी गडग्यावर कोपर टेकून हे सगळे पाहत होती. तिची जीभ आधीच मोकळी.

"काय गं कुंदे, उंदरांच्या समाध्या बांधल्यास का?"

"बांधू दे तिला," हौसाबाई आतून म्हणाल्या. "तुझ्या परसात तर उंदरांना मरायलाबी जागा न्हाई."

तानूबाई हसत निघून गेली. कुंदाही हसली, पण मनात थोडी दुखावली. ही बाजरीची माणसे, यांना परसाची रीत कशी कळणार, असे तिच्या मनात येऊन गेले. सासूबाईंनी बाजू घेतली याचे तिला बरे वाटले. त्या वाफ्यांकडे बघून हौसाबाई काहीतरी बोलता बोलता थांबल्या होत्या, त्याचा तिने तेव्हा विचार केला नाही.

मृगात दोन सरी झाल्या आणि बी वर आले. कुंदाने प्रत्येक कोंबाला बोट लावून पाहिले. पण पुढे आषाढ लागला, आणि त्या मुलखातला आषाढ म्हणजे नुसता वारा. ढग वरून धावत जातात, खाली थेंब पडत नाही. दिवसभर सुटलेला वारा उंच वाफ्यांवरची माती उडवून नेऊ लागला. आडाचे पाणी खोल गेले होते. कुंदा कळशीमागून कळशी शेंदून आणी आणि वाफ्यांवर ओती. पाणी माथ्यावर पडे, चोपलेल्या कडांवरून घसरे, चरात उतरे आणि तिच्या डोळ्यांदेखत वाळून जाई. हौसाबाईंनी तर आंघोळीचे पाणीही निम्म्यावर आणले आणि उरलेले न बोलता तिच्या कळशीशेजारी ठेवू लागल्या.

तरी अळू आधी गेले. मग माठ पिवळा पडला. तवशाचा वेल चार पानांवरच थबकला आणि पडवळाने मान टाकली.

तेव्हा एके दिवशी कुंदा देवळामागे गेली, आप्पांना वाकून नमस्कार केला आणि सगळी हकीकत त्यांच्यापुढे ठेवली. वडील काय म्हणाले, सासूबाईंचे पुढे काय होईल, सगळेच. मला शिकवा, म्हणाली. तुम्ही सांगाल तसे करीन.

आप्पांनी सगळे शांतपणे ऐकले. "शिकवीन की," ते म्हणाले. "रोज दुपार कलली की तुझ्या मागच्या दारी येईन. येईन तेव्हा एक तांब्या पाणी दे. तेवढीच माझी दक्षिणा."

दुसऱ्या दिवशी ते आले. कुंदाने सगळे परसू फिरून दाखवले. त्यांनी मान हलवली, पण वेलांकडे फार पाहिले नाही. वाऱ्याची दिशा पाहिली, भिंतीची सावली कुठवर येते ते पाहिले. मग दारातल्या दगडावर बसून तांब्यातले अर्धे पाणी प्याले. उरलेले अर्धे घेऊन ते उठले. कुंदाला वाटले, आता पडवळाला घालतील. पण आप्पा पडवळ ओलांडून गेले, तवसे ओलांडून गेले आणि थेट भिंतीलगतच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. तिथे पूर्वी हौसाबाईंच्या शेळ्या बांधलेल्या असत. शेळ्या विकल्या त्याला बराच काळ झाला होता. बसून बसून खोलगट झालेली ती जागा तशीच ओसाड पडली होती. त्या मोकळ्या जमिनीवर त्यांनी उरलेले पाणी हळूहळू, धार धरून ओतले, तांब्या उपडा करून दगडावर ठेवला आणि निघून गेले.

म्हातारपण, असे म्हणून कुंदाने ते सोडून दिले.

पण आप्पा रोज येऊ लागले आणि रोज तेच करू लागले. अर्धे प्यायचे, अर्धे त्या ओसाड कोपऱ्यात ओतायचे. काही विचारले तर "बघ" म्हणायचे, आणि काय बघायचे ते सांगायचे नाहीत. शिकवणे म्हणून जे काही होते ते एवढेच. कुंदाचा जीव खालीवर होई. थेंबाथेंबाला मोल असलेल्या घरात, तहानेल्या वेलांच्या देखत, हा माणूस धुळीला पाणी पाजतो. एकदा तिने मुद्दाम तांब्या अर्धाच भरून आणला. आप्पांनी आत डोकावून पाहिले, मिशीतल्या मिशीत हसले, त्यातले निम्मे प्याले आणि उरलेले कोपऱ्यात ओतून आले.

गडग्यावरून तानूबाई म्हणाली, "आप्पा, तिथं काय बोकड पेरलाय का?"

"उगवला तर पहिली तंगडी तुला," आप्पा म्हणाले.

कुंदाला मात्र हसू आले नाही. त्या दिवशी भाकरी थापताना तिच्या डोळ्यांतले पाणी परातीत पडले. हौसाबाईंनी ते पाहिले. पीठ जास्त झाले असेल तर मी थापते, एवढेच म्हणून त्यांनी परात स्वतःकडे ओढून घेतली.

श्रावणात अधूनमधून बुरबुर पाऊस झाला. कुंदाच्या वाफ्यांवर त्याचा काही उपयोग उरला नव्हता. तिथे वालीचे दोन वेल कसेबसे जीव धरून होते, बाकी काड्या. पण शेळ्यांच्या कोपऱ्यात एका सकाळी हिरवे दिसले. दोन-चार दिवसांत ते दाट झाले. जमिनीला चिकटून पसरणारे लाल देठांचे काहीतरी, त्यात उभी वाढणारी कोवळी पाने, आणि मधूनच एक वेल, खरखरीत लहान पानांचा. यातले काहीच कुंदाने लावले नव्हते.

कोपरा ओला राहतो, एवढे एक तिला उमगले. मग बाकी सगळे उपटून टाकून तिथेच आईकडचे उरलेले मूठभर बी लावावे, असा विचार करून ती खुरपे घेऊन बसली. पहिला घाव घालणार, तोच मागून हौसाबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे. आप्पांना येऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांनी कुंदाला अडवण्याची ही पहिलीच वेळ होती. अडवून झाल्यावर त्या स्वतःच ओशाळल्या आणि आत निघून गेल्या.

दुपारी आप्पा आले. कोपऱ्यापाशी उकिडवे बसून त्यांनी विचारले, "हे काय आलंय?"

"तण," कुंदा म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

कुंदाला नाव ठाऊक नव्हते. आप्पांनी आत हाक मारली. "हौसा, इकडं ये. तू सांग."

हौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सुनेच्या देखत काही सांगायचे म्हणून थोड्या संकोचल्या. मग एकेका रोपाकडे बोट करीत हळू आवाजात म्हणाल्या, "ही घोळ. हिची डाळ घालून भाजी करत्यात. हा तांदुळजा. आणि हे शेंदाडाचं. काकडीवानीच असतंय, बारकं. वाळवून ठेवलं तर उन्हाळाभर पुरतंय."

कुंदाचा इतक्या दिवसांचा बांध त्या क्षणी फुटला. ती म्हणाली, "आप्पा, मी तुमच्याकडं माझं परसू वाचवायला आले होते. माझ्या आईच्या हातचं बी तुमच्या डोळ्यांसमोर जळालं आणि तुम्ही रानगवताला पाणी घातलंत. आता बाबा येतील. त्यांना हे दाखवू?"

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी तिला समोर बसायला सांगितले, आणि त्यांच्या मानाने ते त्या दिवशी पुष्कळच बोलले.

"पोरी, तुझ्या गावाला आभाळ कोसळतं. तिथं पाणी मुळाशी साचलं की झाड कुजतं. म्हणून तुझ्या आईनं माती उंच केली, पाण्याला उतार दिला. तिनं बरोबरच केलं. इथं आभाळ हात आखडून देतं. इथं आलेल्या पाण्याला जाऊ द्यायचं नसतं, त्याला बसायला जागा करून द्यायची असते. तू ओतलेलं पाणी घसरून वाळतंय, हे तुला रोज दिसत होतं. पण तू वाफा मोडला नाहीस. मोडला असतास तर आई चुकली असं तुला वाटलं असतं."

कुंदाने मान खाली घातली.

"आई चुकली नाही. सकाळी उठून ती आधी आपलं आभाळ बघत असेल, मग मातीला हात लावत असेल. तू तिचे वाफे घेऊन आलीस, तिचं बघणं तेवढं तिकडं राहिलं. आता हा कोपरा बघ. भिंत आहे म्हणून वारा लागत नाही. शेळ्यांनी बसून बसून जमीन खोलगट केली, लेंड्यांनी खत घातलं. मी इथं काही पेरलं नाही. घोटभर पाणी दिलं आणि विचारलं, बाई, तुला काय येतं? तिला जे येतं ते तिनं दाखवलं. तुझं तवसं गेलं म्हणतेस, पण ही त्याचीच इथली बहीण आहे, अंगानं बारकी आणि काटक. नव्या ठिकाणी गेल्यावर आधी एवढं विचारून घ्यावं. मग आपल्या पदराची गाठ सोडावी."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. जाता जाता दारात थबकले आणि वळून म्हणाले, "आणखी एक. या घरात आणखी एकीला बरंच काही येतं. तिलाही अजून कुणी विचारलेलं नाही."

आप्पा गेले. कुंदा कोपऱ्याशी वाकली. शेंदाडाचे एक पान तिने बोटांत धरून पाहिले. तवशाच्या पानासारखेच, पण जाड आणि खरखरीत. या उन्हात तसेच पान टिकणार, हे तिला आता न सांगता दिसत होते. पण पानाहून अधिक तिला दुसरेच काही टोचत होते. वाफे करताना सासूबाई काहीतरी बोलता बोलता थांबल्या होत्या. कोकणातून आलेली पोर, हिच्या आईच्या रीतीला नावे ठेवली तर हिला घर परके वाटेल, या भीतीने त्यांनी ओठ मिटले असतील. आणि आपणही कधी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. बी गेले, पाणी गेले, आणि सांगणारे माणूस तर सगळा वेळ चुलीपाशी बसलेले होते.

ती आत गेली. हौसाबाई सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून कुंदाने विचारले, "आत्याबाई, तुम्ही नव्यानं या घरी आलात तेव्हा मागच्या दारी काय लावलं होतंत?"

हौसाबाईंनी सूप खाली ठेवले. असे कुणी त्यांना कधी विचारले नव्हते. सुरुवातीला त्या दोन दोन शब्द बोलल्या, मग बोलतच राहिल्या. गवार कुठे येते, घेवड्याला सकाळचे ऊन का हवे, शेवग्याची फांदी कशी आडवी न ठेवता उभी लावावी, जुने मडके बुडाला बारीक भोक पाडून वेलाच्या मुळाशी कसे पुरावे म्हणजे त्यातले पाणी थेंबाथेंबाने झिरपत राहते. बोलता बोलता त्या उठल्या, उतरंडीतले एक गाडगे काढले आणि राखेत घोळून ठेवलेले बी कुंदाच्या ओंजळीत ओतले. त्यांचा चेहरा तेव्हा इतका तरुण दिसला की कुंदा बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी दोघींनी मिळून वाफे मोडले. माती बाहेर ओढून जमीन हातभर खोल केली आणि पश्चिमेच्या वाऱ्याकडे त्याच मातीचा बांध घातला. ऊन मातीला थेट लागू नये म्हणून वरून बाजरीचे सरमड, कणसे खुडलेली वाळकी ताटे, अंथरले. चोपलेल्या कडा मोडताना कुंदाचा हात जरा अडखळला. तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, "तुझ्या आईचा हात लई नेटका हाय हां. माती कशी बसवलीय बघ." त्या एका वाक्यासरशी कुंदाच्या मनावरचे ओझे उतरले, आणि पुढचे वाफे तिने स्वतःच मोडले.

जीव धरून राहिलेल्या वालीच्या वेलांना मात्र हौसाबाईंनी हलवू दिले नाही. त्यांच्याभोवती आळे खोल करून घेतले आणि शेजारी एक मडके पुरले. टिकले ते टिकू दे, म्हणाल्या. घरात कोकणचेही कुणीतरी असावे. निवृत्ती कामावरून आला की दोन कळशा आणी, आणि सासूसुनांचे बोलणे ऐकत उगाच दारात रेंगाळे. तानूबाईने तर गडगा ओलांडून मूठभर आंबाडीचे बी आणून दिले आणि त्याबद्दल पुढे महिनाभर ऐकवले.

भाद्रपद संपता संपता त्या मुलखाचा खरा पाऊस आला. परतीचा पाऊस तिथे उशिरा येतो, पण आला की मनापासून येतो. सगळे पाणी खोल वाफ्यांत बसून राहिले, कुठे गेले नाही. गवार उठली, घेवडा भिंतीवर चढला. आप्पा आता रोज येत नसत. कधी आलेच तर पाणी सगळे पिऊन टाकीत.

दिवाळीच्या तोंडावर कुंदाचे वडील आले. खांद्यावरचे नारळांचे पोते ओट्यावर उतरवले, पायावर पाणीही न घेता ते थेट मागच्या दारी गेले. कुंदा त्यांच्या मागोमाग गेली. हौसाबाई आतच, दाराआड उभ्या राहिल्या.

वडिलांनी परसू या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेखाली घातले. पडवळ नव्हते, अळू नव्हते, तवसे नव्हते. त्यांना ओळखीचे असे तिथे फारच थोडे होते. अखेर ते खाली बसले, सरमड बाजूला सारून त्यांनी दोन बोटे मातीत खुपसली आणि तशीच ठेवली.

"ओल आहे," ते म्हणाले. आणि मग, "गो बाय, वाफे असे खाली का घेतलेस?"

"इथं पाण्याला बसवून घ्यावं लागतं, बाबा," कुंदा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग एकेका झाडाशी जाऊन ते विचारू लागले. हे काय, हे किती दिवस चालते, याला कीड लागते का, या मडक्यात पाणी केव्हा भरतेस. कुंदा सांगत गेली, ते ऐकत गेले. त्या घटकेला बाप शिकत होता आणि लेक शिकवत होती, आणि दोघांच्याही ते ध्यानात आले नव्हते. वालीच्या वेलापाशी मात्र ते थांबले. त्यावर मोजक्याच शेंगा होत्या. त्यांनी एका शेंगेवरून बोट फिरवले, पण तोडली नाही.

मग त्यांनी दाराकडे वळून विचारले, "विहीणबाई, हे सगळं तुम्ही शिकवलंत का हिला?"

"मी कशाला शिकवतीय," दाराआडून हौसाबाई म्हणाल्या. "तिनं इचारलं, मी सांगितलं."

जेवायला बाजरीची भाकरी होती, डाळ घातलेली घोळीची भाजी होती, शेंगदाण्याचे कूट घालून परतलेली गवार होती. वडिलांनी घोळीची भाजी दोनदा मागून घेतली. आंबटसर आहे, असे ते पहिल्या वेळी म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी काहीच म्हणाले नाहीत. हात धुऊन ओट्यावर सुपारी कातरत बसल्यावर ते जावयाला म्हणाले, "ओढ्याकाठचा तो तुकडा मी यंदा धाकट्या भावाला कसायला देतो. पडून राहायला नको."

निवृत्तीने एकदा कुंदाकडे पाहिले आणि "बरं" म्हणाला.

हौसाबाई उठल्या. आतल्या खोलीतली पेटी उघडून त्यांनी एक घोंगडी बाहेर आणली. काळीभोर, कोरी, अजून लोकरीचा वास न गेलेली.

"ही कधी घेतलीस?" निवृत्तीने विचारले.

"आखाडात."

"कशाला?"

हौसाबाई घडी उलगडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "कोकणात गारठा दमट असतोय म्हणत्यात. तुम्ही दोघं जाताना द्यावी म्हटलं."

कुंदाला एकदम सगळे उमगले. ती पाण्याच्या खेपा घालत होती, तेव्हा ही बाई आपल्या आंघोळीचे पाणी देत होती. आणि परसू फुलले नाही तर लेकाला आणि सुनेला थंडी वाजू नये, याचीही तजवीज करून बसली होती. राहा, असे तिने एकदाही म्हटले नव्हते.

"आता पावण्यांना होईल अंथरायला," हौसाबाई म्हणाल्या.

कुंदाने पुढे होऊन घोंगडीचे दुसरे टोक हातात घेतले, आणि दोघींनी मिळून ती वडिलांसाठी ओट्यावर पसरली.

परसात काय लावावे हे ज्याने त्याने आपापल्या आभाळाकडे पाहून ठरवावे. आणि ते आभाळ आपल्याआधी पाहिलेले कुणी घरात असेल, तर पहिला प्रश्न त्याला विचारावा.